कलकत्त्याचा एक हरलेला डाव

पट जवळ असेल तर सोंगट्या मांडून घ्या, नसेल तर डोळ्यांपुढे आणा.

१८५५ साल, कलकत्ता. पांढऱ्याकडून स्कॉटिश बॅरिस्टर जॉन कॉक्रेन, काळ्याकडून महेशचंद्र बॅनर्जी. दोघांत शेकडो डाव झाले. पैकी हा डाव मला फार महत्त्वाचा वाटतो.

पांढऱ्यानं वजिरापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं, मग त्याच्या डावीकडचंही. युरोपातला त्या काळचा खेळाडू लगेच पटाच्या मध्यावर स्वतःची प्यादी घुसवायला धावला असता. महेशचंद्रांनी आधी राजाकडचा घोडा काढला, मग त्या बाजूच्या घोड्यापुढचं प्यादं एकच घर पुढे घेतलं. मोकळ्या झालेल्या घरात उंट बसणार आणि तिथून तिरका, पटाच्या दुसऱ्या टोकापर्यंत रोखून पाहणार. देशी बुद्धिबळात प्याद्याला पहिल्या चालीलाही एकच घर मिळे. हा शांतपणा त्या सवयीतून आला असावा.

तिसऱ्या चालीला मात्र त्यांनी वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे टाकून पांढऱ्याला भिडवलं. मारामारी झाली, घोड्याला घोडा गेला, आणि मध्यभागी पांढऱ्याची भक्कम प्यादी उभी राहिली. राहू देत! आता तीच निशाणा. काळ्याचा उंट लांबून आणि बाजूचं प्यादं जवळून, दोघंही त्यांना पोखरू लागतात.

कल्पना उत्तम, पण डाव गेला. कॉक्रेनचा घोडा राजाच्या दारात शिरला. त्यानं घोडा आणि वजीर असा दुहेरी शह दिला, राजा कोपऱ्यात गेला, तिथं चक्क वजिराचाच बळी दिला आणि एकविसाव्या चालीला घोड्यानं मात केली. राजाला हलायला जागाच नव्हती, भोवती सगळी त्याचीच माणसं!

१८४८ मध्ये याच महेशचंद्रांविरुद्ध कॉक्रेननं घोड्याचा बळी देऊन केलेली सुरुवात आज ‘कॉक्रेन गॅम्बिट’ म्हणून पुस्तकांत आहे. महेशचंद्रांच्या बचावाला नाव मिळालं ते ऑस्ट्रियाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्डचं. त्यानं १९२२ साली व्हिएन्नात तो वापरून अलेखाइनला हरवलं, आणि हाच अलेखाइन पुढे जगज्जेता झाला. २०१० मध्ये सोफियात टोपालोवविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या पहिल्याच डावात विश्वनाथन आनंदनंही ग्रुनफेल्ड निवडला. तो डाव आनंद हरला, जगज्जेतेपद मात्र राखलं.