विद्यार्थ्यांच्या मनाची काळजी

(महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या दिवशीं मागील वर्षांचा हिशेब पाहावा, अशी आपली रीत आहे. मिळालेल्या कृपादानांबद्दल आज आपण देवाचे उपकार मानले. परंतु हिशेबांत उणेंहि मांडावें लागतें. म्हणून कोरोनाच्या साथींत कॉलेजांतील आपल्या मुलामुलींवर काय गुदरलें, आणि आपण त्यांस कितपत सांभाळलें, याविषयीं चार शब्द बोलण्याची आम्ही परवानगी घेतों.

मार्च २०२० मध्यें कॉलेजें बंद झालीं व २५ तारखेपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. पुण्याच्या व नगरच्या वसतिगृहांतील मुलें राहुरी, श्रीरामपूर, नेवासें, संगमनेर या तालुक्यांतील आपापल्या गांवीं परतलीं. घरांत मोबाइल एकच. त्यावरच धाकट्या बहिणीची शाळा आणि थोरल्या भावाचें कॉलेज. रेंज मिळावी म्हणून शेताच्या बांधावर जाऊन बसावें. त्यांत शेवटच्या वर्षाची परीक्षा होणार कीं नाहीं, हेंच कळेना. राज्य सरकार परीक्षा नको म्हणे, विद्यापीठ अनुदान आयोग ती घ्यावीच म्हणे. अखेर परीक्षेवांचून पदवी देतां येणार नाहीं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें २८ ऑगस्ट २०२० रोजीं दिला. वीस-एकवीस वर्षांच्या मुलांनीं हे पांच महिने अधांतरीं काढले. पुढें २०२१ च्या उन्हाळ्यांत दुसरी लाट आली आणि कित्येकांच्या घरचीं माणसें गेलीं. त्यांचें अंत्यदर्शनहि घडलें नाहीं.

त्या काळांतील आमची एक चूक आज आम्ही आपणांपुढें कबूल करतों. एका विद्यार्थ्यास आम्हीं फोन केला. तो हळू आवाजांत म्हणाला, “फादर, कशांतच मन लागत नाहीं.” आम्हीं उत्तर दिलें, “बाळ, प्रार्थना वाढव, सर्व ठीक होईल,” आणि पुढचा फोन लावला. कांहीं आठवड्यांनीं त्याची आई सांगत आली, कीं पोरगा रात्रभर जागतो, जेवत नाहीं, आपलें ओझें झालें असें म्हणतो. ती माउली त्यास डॉक्टरांकडे घेऊन गेली. औषधोपचार झाले आणि तो सांवरला. पुढें तो आम्हांस म्हणाला, “फादर, प्रार्थना मी करीतच होतों. कोणीतरी थांबून ऐकावें, एवढेंच हवें होतें.” त्याच्या अनुमतीनें, नांव न घेतां, हें सांगितलें.

एलिया संदेष्ट्याची कथा आपणांस ठाऊक आहे. जिवाला कंटाळून तो रानांत झुडुपाखालीं निजला व मरण मागूं लागला. देवदूतानें त्यास अविश्वासी म्हटलें नाहीं, कीं उपदेशहि केला नाहीं. त्यानें भाकर व पाणी दिलें, झोपूं दिलें आणि पुन्हा येऊन उठविलें. स्वतः प्रभु येशूहि गेथशेमानी बागेंत अतिशय खिन्न झाला आणि आपल्याजवळ जागे राहा, अशी विनंती त्यानें शिष्यांस केली. तेव्हां मनाची खिन्नता म्हणजे श्रद्धेची उणीव, असें कोणीं मानूं नये.

आपलीं बहुतेक मुलें ज्या विद्यापीठांत शिकतात, त्यास सावित्रीबाई फुले यांचें नांव आहे. अध्यापनाचे धडे त्यांनीं आपल्या या नगरांतच, मिस फॅरार यांच्याकडे घेतले. १८९७ च्या प्लेगांत एका आजारी मुलास पाठीवर घेऊन त्यांनीं दवाखान्यांत पोंचविलें. त्यांतच प्लेग होऊन १० मार्च रोजीं त्यांचा अंत झाला. प्लेगची गांठ डोळ्यांना दिसते; मनाचें दुखणें विचारल्यावांचून दिसत नाहीं.

म्हणून आईबापांस आमची विनंती आहे. मुलाची झोप उडाली, जेवण सुटलें, मित्र तुटले, आपण निरुपयोगी आहों असें तो बोलूं लागला, आणि हें दोन आठवडे टिकलें, तर थट्टा करूं नका, रागावूं नका. जवळ बसून विचारा. मरणाचे विचार येतात काय, हेंहि स्पष्ट विचारावें; विचारल्यानें तो विचार मनांत शिरत नाहीं, उलट भार हलका होतो. मग डॉक्टरांकडे स्वतः सोबत जा. सरकारनें ऑक्टोबर २०२२ मध्यें ‘टेली-मानस’ ही सेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य बोलतां येतें. धोका समोर दिसत असेल, तर मुलास एकटें सोडूं नका; तत्काळ दवाखान्यांत न्या.

आणि ज्या घरांतून असें एखादें लेकरूं गेलें असेल, त्या घराकडे पाठ फिरवूं नका. तीव्र मानसिक व्याधीनें माणसाची जबाबदारी कमी होते आणि अशांच्या तारणाविषयीं आशा सोडूं नये, असें ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ सांगतो.

मुलामुलींनो, आमच्या घराचें दार तुम्हांस उघडें आहे. आतां आम्ही आधीं ऐकूं, मग बोलूं. महोत्सवाच्या दिवशीं देवापुढें आमचें हेंच वचन आहे. तें पाळण्यास त्यानें आम्हांस बळ द्यावें, आणि पवित्र मरियामातेनें तुम्हां सर्वांस आपल्या पदराखालीं घ्यावें. आमेन.