करळ : किनाऱ्याने घडविलेला दगड आणि त्याचा आर्थिक हिशेब

(इलेक्ट्रॉनिक सिटी, बंगळुरू येथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी भाषक विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील या पठारावर समुद्रकिनाऱ्याविषयी बोलणे कोणास अप्रस्तुत वाटेल. परंतु आपण ज्या इमारतीत बसलो आहोत, तिचे काँक्रीट म्हणजे वाळू, खडी आणि त्यांना सांधणारे सिमेंट. नदीची वाळू दुर्मिळ झाल्यामुळे बंगळुरूच्या बांधकामांत खडक फोडून तयार केलेली कृत्रिम वाळू मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. सिमेंटसाठी चुनखडी सुमारे १४५० अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीत भाजावी लागते. हेच सांधण्याचे काम कोकणच्या किनाऱ्यावर निसर्ग भट्टीवाचून करीत आला आहे. तेथे या दगडाला 'करळ' म्हणतात. भूशास्त्रीय ग्रंथांत त्यास 'बीचरॉक' किंवा 'लिटोरल काँक्रीट' अशी नावे आढळतात.

करळ तयार होते ते भरती व ओहोटीच्या रेषांमधील पट्ट्यात, आणि तेही वाळूच्या थराखाली. भरतीचे पाणी वाळूच्या कणांमध्ये शिरते. ओहोटीच्या वेळी उष्ण हवेत त्यातील काही पाण्याची वाफ होते, विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निसटतो आणि पाण्यातील कॅल्शियम कार्बोनेट ॲरागोनाईट किंवा मॅग्नेशियमयुक्त कॅल्साइटच्या रूपाने कणांभोवती साचते. जमिनीकडून झिरपणारे गोडे पाणी व सूक्ष्मजीव यांचाही या क्रियेत काही ठिकाणी वाटा असतो. शंखशिंपल्यांचे तुकडे, वाळू, गोटे असे जे हाती लागेल ते सांधले जाते. म्हणूनच हा खडक प्रामुख्याने उष्ण कटिबंधातील किनाऱ्यांवर आढळतो आणि त्याचे थर पुळणीच्या उताराप्रमाणे समुद्राकडे किंचित कललेले असतात.

खडक म्हटला की लाखो वर्षांचा काळ डोळ्यांपुढे येतो. येथे मात्र काही दशकेही पुरतात. जगात अनेक ठिकाणी बाटल्यांच्या काचा व दुसऱ्या महायुद्धातील लोखंडी अवशेष अशा खडकात जखडलेले सापडले आहेत.

ब्राझीलमधील रेसिफे बंदरासमोर अशाच खडकाची लांबलचक भिंत आहे. चार्ल्स डार्विनने १८३६ मध्ये ती पाहिली आणि १८४१ मध्ये तिच्यावर लेख लिहिला. शहराचे नावच या खडकाच्या रांगेवरून पडले आहे. निसर्गनिर्मित बंधाऱ्याच्या आडोशाने बंदर व व्यापार कसा उभा राहतो, याचे याहून ठळक उदाहरण मला ठाऊक नाही.

आपल्याकडे मुंबई, रायगड व रत्नागिरीच्या किनाऱ्यावर करळ जागोजागी आहे. तेथील मूळ खडक बेसाल्ट, वर जांभा. करळ त्या दोहोंहून वेगळे आणि वयाने फारच लहान. परीक्षार्थी त्याची प्रवाळखडकाशीही गल्लत करतात. आजच्या भरतीरेषेच्या वर आढळणारे करळ काही हजार वर्षांपूर्वी समुद्राची सापेक्ष पातळी अधिक असल्याचे सुचविते. येथे 'सापेक्ष' हा शब्द सोडू नये, कारण जमीन उचलली गेली तरी तेच चिन्ह उमटते.

आता अर्थशास्त्राकडे वळू. कोकणात करळ बांधकामाचा दगड म्हणून काढले जात आले. असा दगड विकला गेला की खाणकाम क्षेत्राचे मूल्यवर्धन वाढते. यंत्राच्या झिजेसाठी घसारा वजा करून आपण निव्वळ उत्पन्न काढतो. लाटांचा जोर मोडणारी भिंत गेली, याची वजावट मात्र रूढ लेखापद्धतीत नव्हती. पुढे किनारा खचू लागला म्हणजे शासनास धूपप्रतिबंधक बंधारा बांधावा लागतो, आणि तो खर्चही पुन्हा राष्ट्रीय उत्पन्नात मिळविला जातो! प्रा. पार्थ दासगुप्ता यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ गटाने हरित राष्ट्रीय लेख्यांविषयीचा अहवाल २०१३ मध्ये दिला. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने मार्च २०२५ मध्ये स्वीकारलेल्या नव्या लेखापद्धतीत नैसर्गिक साधनांचा ऱ्हास हा उत्पादनाचा खर्च मानला आहे. ही प्रगती खरी. तथापि काढलेल्या दगडाचा बाजारभाव म्हणजे त्याने केलेल्या संरक्षणाचे मूल्य नव्हे, आणि त्या सेवेला बाजारच नाही. १९९१ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेने काही अपवाद वगळता किनाऱ्यावरील वाळू व खडक काढण्यास मनाई केली. किंमत सांगता येत नाही तेथे मनाई हेच साधन उरते, असे माझे मत आहे.

एक बाब मात्र ध्यानात घ्यावी. करळ वाळूखाली घडते. ते उघडे पडले याचा अर्थ बहुधा वरची वाळू वाहून गेली आहे. तेव्हा उघडे करळ पाहून किनारा सुरक्षित आहे असे मानणे चुकीचे ठरेल. ते लाटा अडविते, पण कासवांना अंडी घालण्यासाठी आणि होड्या ओढून घेण्यासाठी लागणारी वाळू ते देऊ शकत नाही. त्यामुळे किनाऱ्याचा ताळेबंद मांडताना करळ जमेच्या बाजूस धरावे आणि त्यावरून सरकलेली वाळू, खाडीमुखाशी होणारा उपसा धरून, नावेच्या बाजूस त्याच पानावर लिहावी.