नवा रंधा कामास लावतांना

खंडेनवमीस शस्त्रांची पूजा होते, तशीच ज्याच्या त्याच्या धंद्यांतील हत्यारांचीही होते. त्या दिवशीं छत्रपति संभाजीनगरांत, म्हणजे २०२३ सालापर्यंत ज्यास औरंगाबाद म्हणत त्या शहरांत, सुताराच्या दुकानीं करवत, वाकस, पटाशी आणि रंधा पाटावर मांडलेले दिसतात. एकादें हत्यार नव्यानें विकत आणलेलें असलें तर मान त्याचा पहिला. त्यास हळदकुंकू लागतें, झेंडूचें फूल मिळतें. आणि दसरा उलटल्यावर तें लाकडावर चालवूं जावें तों अनुभव निराळाच येतो. रंधा थडथडतो. सलग साल निघावी तेथें भुगा निघतो, तोंडांत ढलप्या अडकून बसतात, आणि सागाच्या चांगल्या फळीवर ओरखडे उठतात. हळदकुंकवानें पात्यास धार येत नाहीं, हें विश्वकर्म्यासही मान्य असावें.

नवशिक्या मुलावर ही वेळ आली म्हणजे तो दोहोंपैकीं एक अनुमान काढतो: हत्यार तरी खोटें, नाहीं तर आपला हात तरी खोटा. दोन्ही अनुमानें बहुधा चुकीचींच असतात, पण दुसरें अधिक घातक. कारण रंधा दुकानदारास परत देतां येतो, खचलेला धीर कोठें परत मिळत नाहीं. शिवाय फळी गिऱ्हाइकाची असते. सागवानाचा भाव ज्यांना ठाऊक आहे त्यांना एका ओरखड्याची किंमत निराळी सांगावयास नको.

अशाच एका दुकानाची कल्पना करावी. मामाच्या हाताखालीं शिकणारा भाचा दाराच्या फळीवर नवा रंधा मारीत आहे. चार हात मारतांच फळीच्या मध्यावर लाकडाची नस उचकटते. मुलगा रंधा खालीं ठेवतो. “मामा, रंधाच खराब निघाला. जाऊन परत करून येतों.” मामा फळीकडे बघतही नाहीं, रंधा उलटा करून उजेडाकडे धरतो. “परत काय करतोस बाळा, अजून तो रंधा झालाय कुठं!”

मामाचें म्हणणें अक्षरशः खरें आहे. बाजारांतून येतो तो रंध्याचा केवळ आकार. रंधा व्हावयाचा तो दुकानांत होतो. हा आकार फार पुरातन आहे. सन ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरांत रोमन सुतारांचे रंधे सांपडले. त्यांतही सपाट तळ, तळास तोंड, तोंडांत तिरपें पातें आणि पातें दाबून धरणारी पाचर अशीच योजना होती. आजचे बहुतेक लोखंडी रंधे अमेरिकेंतील लेनर्ड बेली यानें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सिद्ध केलेल्या रचनेवर बेतलेले आहेत. त्यांत पाचरेच्या जागीं कळ आणि स्क्रू आले. परंतु तळ आणि धार या दोहोंचा हिशेब मात्र कोणत्याही कारागिरास चुकलेला नाहीं.

प्रथम तळ पाहावयाचा. पातें तोंडाच्या आंत ओढून घ्यावें, पण पाचर नेहमींइतकीच घट्ट ठोकावी. कारण पाचरेच्या ताणानें रंधा किंचित् वांकतो, आणि कामाच्या वेळीं तो त्याच ताणांत असावयाचा असतो. सैल रंध्याचा तळ सरळ करणें म्हणजे निजलेल्या माणसाची उंची मोजून अंगरखा शिवणें होय. मग सरळ पट्टी तळावर उभी धरून खालून उजेड दिसतो का तें पाहावें. तळावर पेन्सिलीच्या आडव्या रेघा ओढून जाड कांचेवर पसरलेल्या एमरीच्या कागदावर रंधा घांसला म्हणजे उंचवट्यावरच्या रेघा अगोदर पुसल्या जातात आणि खळग्यांतल्या राहतात. सगळा तळ आरशासारखा व्हावा हा हट्ट मात्र व्यर्थ आहे. पुढचें टोंक, तोंडाची लगतची बाजू आणि मागचें टोंक हीं तीन ठिकाणें एका पातळींत आलीं कीं पुरे. तोंडाच्या पुढची कड खोलगट राहिली तर लाकूड दाबलें जात नाहीं, आणि नस उचकटते ती येथेंच.

नंतर पातें. नव्या पात्यास धार असते असें पुष्कळांस वाटतें. वास्तविक त्यास कारखान्यांतील चाकाचे ओरखडे असतात. धार म्हणजे दोन पृष्ठें जेथें मिळतात ती रेषा. एक पृष्ठ खडबडीत राहिलें तर दुसरें कितीही घांसून उपयोग नाहीं. म्हणून पात्याची पाठ, सगळी नव्हे, धारेलगतची बोटभर जागा, निसण्यावर अगदीं सपाट व चकचकीत करावी. उताराची बाजू पंचवीस ते तीस अंशांच्या कोनांत घांसावी. पलीकडच्या अंगास बोटाला लागेल अशी बारीक कड उलटली म्हणजे दगड धारेपर्यंत पोंचला असें समजावें. मग ती कड बारीक दगडावर दोन्ही बाजूंनीं काढून टाकावी. पात्याचे दोन्ही कोपरे केसभर मारले म्हणजे फळीवर त्यांच्या रेघा उमटत नाहींत.

विजेच्या चाकावर पातें धरणाऱ्यानें पाण्याचें भांडें जवळ ठेवावें. धार निळी पडली कीं तिचें पाणी उतरलें. तेवढा पोलादाचा भाग घांसून काढल्यावांचून गत्यंतर नाहीं. घाई करणाऱ्यानें एका मिनिटांत घालविलेलें पाणी परत आणावयास त्याची सारी दुपार जाते.

पात्यावर जी दुसरी बोथट पट्टी बसते तिच्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाहीं. तिची कड पात्याच्या पाठीस कोठेंही फट न राहतां बसली पाहिजे. केसाएवढी फट राहिली तरी साल तींत शिरून तोंड तुंबतें. बारीक कामास ती धारेपासून अर्ध्या मिलिमीटरवर ठेवावी, जाड रंधणीस दीड मिलिमीटरपर्यंत मागें घ्यावी. जवळ आलेली पट्टी साल लगेच मोडते आणि नसेस पुढें फाटत जाऊं देत नाहीं.

लांकडी रंध्याचें आणखी एक प्रकरण आहे. शहरापासून सुमारें तीस किलोमीटरवर वेरूळचें दहावें लेणें आहे. त्यास लोक विश्वकर्मा किंवा सुताराची झोपडी म्हणतात. तेथील बुद्धमूर्तीस विश्वकर्मा मानून सुतार मंडळी पूजीत असत, अशी जुन्या ग्रंथकारांची नोंद आहे. त्याच्या कमानदार छतास दगडांत कोरलेल्या लांकडी वाशांसारख्या फासळ्या आहेत. त्या दगडाच्या आहेत म्हणून मराठवाड्याचा उन्हाळा-पावसाळा त्यांना सारखाच. दुकानांतला रंधा मात्र जुलैंत फुगतो आणि मे महिन्यांत आखडतो. खंडेनवमी पावसाळ्याच्या शेवटास येते. तेव्हां सरळ केलेला तळ हिंवाळा संपतांना पुन्हां पट्टीखालीं धरावा लागतो. जवसाचें तेल पाजलेला रंधा कमी हालतो, पण हालतोच.

मामानें हें सर्व सांगितलें नाहीं. त्यानें मुलाकडून तळ घांसून घेतला, पाठ घांसून घेतली, आणि पातें बसवून रंधा डोळ्यासमोर धरावयास लावलें. तळाच्या वर काळ्या केसासारखी रेषा सारखी दिसली तेव्हां त्यानें मान हालविली. पातें जास्त बाहेर आलें होतें तेव्हां रंध्याच्या मागच्या टोंकावर हातोडीचा हलका ठोका दिला. पातें आंत गेलें.

पहिली साल वीतभर निघाली आणि तुटली. दुसरी फळीच्या टोंकापर्यंत आली. मुलानें ती खिडकीकडे धरली. पलीकडचा उजेड तींतून दिसत होता. मग त्यानें फळीच्या कडेवरची नस पाहिली, ती कोणत्या अंगास चढते तें बोटानें ताडलें, आणि फळी फिरवून उचकटलेल्या जागेवर उलट बाजूनें रंधा चालविण्यास आरंभ केला.