बैल पारखतो, माणूसही पारखावा



बैल घ्यायचा तर आपण काय करतो? दात पाहतो. चालवून पाहतो. कोणाच्या दावणीचा, तेही विचारतो. मग जो माणूस दिवसभर आपल्या लेकरांजवळ राहणार, त्याची चौकशी नको का?

वीस-पंचवीस वर्षांमागची गोष्ट. आम्ही हेडमास्तर होतो. शाळेत एक शिपाई ओळखीवर लागला. आधी कोठे होता, तेथून का निघाला, आम्ही विचारले नाही. पुढे एक मुलगी रडत म्हणाली, "गुरुजी, मला त्यांच्याकडे पाठवू नका." शाळेचे नाव जाईल, म्हणून आम्ही तिलाच गप्प केले. दुसऱ्या दिवसापासून पोर शाळेत आलीच नाही. चूक आमची होती. म्हणून आज तुम्हांला सांगतो.

मुलांच्या रक्षणासाठी २०१२ साली 'पोक्सो' कायदा झाला. त्याचे २०२० चे नियम सांगतात की, शाळेने प्रत्येक नोकराची पोलिसांकडून पडताळणी करून घ्यावी. मास्तर असो, शिपाई असो. कायमचा असो की कंत्राटी. तीही एकदाच नव्हे, ठराविक काळाने पुन्हा.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याची तक्रार आली. लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले. तेव्हा सरकारने शाळांना हेच पुन्हा बजावले.

पण दाखला चांगला म्हणजे माणूस चांगलाच, असे नाही. पूर्वी पकडला गेला नाही, एवढेच त्यावरून कळते. म्हणून पोराचे ऐका. पोर शाळेला जायला भिते, कोणाचे नाव काढताच गप्प होते, तर रागावू नका. जवळ घ्या. हळू विचारा.

असा गुन्हा कळला तर पोलिसांना सांगितलेच पाहिजे. शाळेच्या प्रमुखाने हाताखालच्याचा गुन्हा कळवला नाही, तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलाचे नाव वर्तमानपत्रात छापता येत नाही. जबाब घरीही घेता येतो, आणि त्या वेळी पोलिसाने गणवेश घालायचा नसतो. १०९८ वर फोन फुकट लागतो. मात्र कोणाला मारहाण करू नका. तपास पोलिसांचा.

सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत चारांत तीन जण पालकच असतात. पुढच्या बैठकीला जा. उभे राहून विचारा, "गुरुजी, सगळ्यांची पडताळणी झाली का? कागद दाखवा."

आता तुम्हांला वाचता येते. कागद हातात घ्या आणि स्वतः वाचा.