सुवेझच्या वाळूत रणगाड्याची परीक्षा

१९७३ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या ६ तारखेस, दुपारी दोनच्या सुमारास, सुवेझ कालव्याच्या पश्चिम तीरावरून इजिप्तच्या तोफा एकाच वेळी धडाडल्या आणि त्या भडिमाराच्या आडोशाने इजिप्शियन सैनिक रबरी होड्यांतून पैलतीराकडे निघाले. त्याच सुमारास उत्तरेकडे सीरियाचे रणगाडे गोलानच्या पठारावर चाल करून गेले. इस्रायलमध्ये तो ‘योम किप्पुर’चा, उपवासाचा व प्रार्थनेचा दिवस होता, अरब देशांत रमजानचा महिना चालू होता. त्यानंतर जेमतेम अडीच-तीन आठवडे चाललेल्या या युद्धाचा जगातील सेनांनी जितका बारकाईने अभ्यास केला, तितका दुसऱ्या महायुद्धानंतर क्वचितच दुसऱ्या एखाद्या युद्धाचा केला असेल. नवे शस्त्र एकाएकी समोर उभे राहिले आणि माणसे व यंत्रे अपेक्षेच्या कितीतरी पट वेगाने नष्ट होऊ लागली, म्हणजे सेना काय करते, याचे उत्तर त्यांना तेथे शोधावयाचे होते.

या प्रश्नाचा आरंभ १९६७ च्या जून महिन्यात होतो. त्या वर्षी इस्रायलने अवघ्या सहा दिवसांत सिनाईचे वाळवंट पादाक्रांत केले. आकाशात विमाने व जमिनीवर रणगाडे या जोडीने ते यश मिळविले होते. साहजिकच पुढील सहा वर्षांत इस्रायलच्या सेनेत रणगाड्यांचे महत्त्व वाढत गेले. चिलखती गाड्यांतील पायदळ, उखळी तोफा आणि तोफखाना यांना दुय्यम स्थान मिळाले. तोफांचे काम विमाने करतील, अशी समजूत रूढ झाली. चिलखती दलाचे नामवंत सेनानी जनरल इस्रायल ताल हे या रणगाडाप्रधान विचाराचे प्रमुख पुरस्कर्ते मानले जातात. हा विचार मूर्खपणाचा होता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तो एकदा खरा ठरलेला होता, आणि म्हणूनच तो पुन्हा तपासून पाहण्याची निकड कोणाला भासली नाही.

पराभूत इजिप्तने मात्र निराळा विचार केला. शत्रूच्या विमानांशी आकाशात व रणगाड्यांशी उघड्या मैदानात बरोबरी करता येणार नाही, हे त्याने मान्य केले आणि ती बरोबरी करावीच लागणार नाही अशी योजना आखली. १९६९-७० मध्ये कालव्याच्या काठी चाललेल्या दीर्घ, झिजविणाऱ्या संघर्षात फार मोठी किंमत मोजून त्याने सोव्हिएत बनावटीच्या विमानविरोधी क्षेपणास्त्रांची एक भिंतच कालव्यालगत उभी केली. या क्षेपणास्त्रांची छत्री जेथवर पोहोचते, तेवढीच, म्हणजे कालव्यापलीकडची दहा-बारा किलोमीटरची पट्टी घ्यावयाची आणि तेथे पाय रोवून बसावयाचे, असा त्याचा बेत होता. कालव्याच्या पूर्व तीरावर इस्रायलने वाळूचा प्रचंड बांध घातला होता. काही ठिकाणी त्याची उंची वीस मीटरांपर्यंत होती. तो सुरुंगांनी फोडणे दुरापास्त होते. आस्वान धरणाच्या कामाचा अनुभव असलेल्या एका अभियंता अधिकाऱ्याने सुचविले की, जोरकस पंपांनी कालव्याचेच पाणी मारून हा बांध वाहवून द्यावा. पावसाळ्यात शेताचा बांध फुटताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही युक्ती समजावून सांगण्याची गरज नाही. काही तासांतच बांधाला खिंडारे पडली आणि त्यांतून रणगाडे पार होऊ लागले.

पण पहिल्या फळीच्या सैनिकांबरोबर रणगाडे नव्हते. त्यांच्यापाशी होती जवळून मारावयाची खांद्यावरची अग्निबाण-नळी आणि पेटीत घालून एका माणसाला वाहून नेता येईल असे रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र. पाश्चात्त्य सेना त्यास ‘सॅगर’ म्हणत. त्याचे मूळ रशियन नाव ‘माल्युत्का’, म्हणजे चिमुकले. अकरा किलोंच्या आसपास वजनाच्या या चिमुकल्याचा पल्ला तीन किलोमीटरांचा होता. उडताना ते आपल्यामागे एक बारीक तार सोडीत जाई आणि वाळूत दडून बसलेला सैनिक छोट्या दांड्याच्या साहाय्याने त्या तारेतून त्याला दिशा देई. हे काम सोपे नव्हे. हाताला व डोळ्याला सततचा सराव हवा. १९६७ नंतर इजिप्तने शिकलेल्या तरुणांना, पदवीधरांनासुद्धा, मोठ्या संख्येने सेनेत घेतले होते आणि क्षेपणास्त्र चालविणाऱ्यांकडून नकली यंत्रांवर नित्य सराव करून घेतला होता. शस्त्र रशियाचे असले तरी त्याचा नेम असा घरी तयार झाला होता.

परिणाम भयंकर झाला. सिनाईत पहिल्या दिवशी असलेल्या सुमारे २८० इस्रायली रणगाड्यांपैकी दुसऱ्या सकाळी जेमतेम ११० लढण्याजोगे उरले. ८ ऑक्टोबरचा प्रतिहल्लाही फसला. पायदळ व तोफखान्याच्या साथीविना पुढे धावलेल्या तुकड्यांची वाताहत झाली आणि एका रणगाडा-बटालियनचा प्रमुखच शत्रूच्या हाती सापडला. विमाने मदतीला धावावीत, तर त्यांना क्षेपणास्त्रे टिपून काढीत होती. संपूर्ण युद्धात इस्रायलने सुमारे शंभर विमाने गमावली. रणगाड्याचे युग संपले, असे त्या दिवसांत अनेकांनी बोलून दाखविले.

पुढे जे घडले ते अधिक महत्त्वाचे आहे. वरिष्ठ कार्यालयांतून नवी पुस्तिका निघण्याची वाट पाहण्यास वेळ नव्हता. रणगाडाचमूंनी स्वतःच पाहिले की, हे क्षेपणास्त्र दूरच्या लक्ष्यापर्यंत पोहोचावयास वीस-पंचवीस सेकंद घेते आणि तेवढा वेळ ते चालविणाऱ्याची नजर हलता कामा नये. मग प्रत्येक तुकडीत काही रणगाडे केवळ पहारा करू लागले. क्षेपणास्त्र दिसताच रेडिओवर इशारा द्यावयाचा. रणगाड्यांनी पुढेमागे पळून धूळ उडवावयाची. आणि जेथून ते सुटले त्या जागेवर मशीनगनचा मारा करावयाचा. नेम लागला नाही तरी चालेल, त्या सैनिकाचा हात हलला की पुरे. ही रीत एका तुकडीकडून दुसरीकडे तोंडी पसरत गेली. उखळी तोफा व चिलखती गाड्यांतील पायदळ यांना पुन्हा मान मिळाला. युद्धानंतरच्या परीक्षणांत तर असे आढळले की, क्षेपणास्त्रांनी केलेले नुकसान पहिल्या दिवसांतील भीतीने वाटले होते त्यापेक्षा कमी होते.

गोलानवर प्रश्न शस्त्राचा कमी आणि संख्येचा अधिक होता. सीरियाच्या हजाराहून अधिक रणगाड्यांसमोर प्रारंभी इस्रायलचे पावणेदोनशेच्या आसपास होते. एक ब्रिगेड जवळजवळ नामशेष झाली. तिचा प्रमुखही पडला. तरीही फळी टिकली, याचे बरेचसे श्रेय, ज्यांचा उल्लेख युद्धकथांत सहसा येत नाही, त्या दुरुस्ती पथकांकडे जाते. रात्री मोडलेले रणगाडे ओढून आणावयाचे, आतील रक्त धुवावयाचे, यंत्र चालू करावयाचे आणि पहाटे ते नव्या चमूच्या हवाली करावयाचे. ९ ऑक्टोबर रोजी मुख्य फळी कोसळण्याच्या बेतात असता डझनभर दुरुस्त रणगाडे, काही जखमी सैनिकांसह, तेथे पोहोचले आणि सीरियाची लाट मागे हटली.

दारूगोळा मात्र दोन्ही बाजूंचा इतक्या झपाट्याने संपत आला की, दोन्ही महासत्तांना विमानांनी पुरवठा करावा लागला. त्यातच इजिप्तने आपल्या बेताशी फारकत घेतली. सीरियावरील दडपण कमी करण्यासाठी अध्यक्ष सादात यांनी, सेनाप्रमुख शाझली यांचा विरोध असतानाही, छत्रीबाहेर पडून चढाई करण्याचा आदेश दिला. १४ ऑक्टोबरच्या त्या एका दिवसात इजिप्तचे सुमारे अडीचशे रणगाडे नष्ट झाले. लगेच दुसऱ्या रात्री इस्रायली सैनिक कालवा ओलांडून पश्चिम तीरावर उतरले व त्यांनी क्षेपणास्त्रांची ठाणी जमिनीवरून जाऊन उद्ध्वस्त केली. विमानांना जे साधले नाही, ते रणगाडे व पायदळाने साधले आणि आकाश विमानांसाठी मोकळे झाले.

हे शिकणे फार महाग पडले. इस्रायलचे अडीच हजारांहून अधिक सैनिक मारले गेले, अरब बाजूची हानी त्याहून कितीतरी मोठी होती. रणगाडा कारखान्यातून पुन्हा येतो. त्यातला अनुभवी नायक येत नाही. ‘मेर्काव्हा’ या नव्या इस्रायली रणगाड्याचे यंत्र मुद्दाम पुढच्या बाजूस बसविले गेले आणि मागे दार ठेवले गेले, ते चमू वाचावा म्हणून. या रणगाड्याचा मुख्य रचनाकार कोण, तर तेच जनरल ताल! आपलाच सिद्धान्त आगीत करपलेला पाहिल्यानंतर पुन्हा आरेखनाच्या मेजावर बसणाऱ्या या गृहस्थाबद्दल आदर वाटल्यावाचून राहत नाही. जून १९८२ मध्ये लेबनॉनच्या बेका खोऱ्यात इस्रायलने वैमानिकरहित विमाने पुढे पाठवून सीरियन क्षेपणास्त्रांची ठाणी हुडकली व मोडून काढली. अमेरिकेनेही १९७३ च्या अभ्यासावरून आपली युद्धपद्धती बदलली; तिची १९७६ ची सैनिकी नियमपुस्तिका त्याची साक्ष देते.

आपल्याकडील श्रोत्यांना या कथेतील पात्रे अगदीच परकी वाटू नयेत. इस्रायलने वापरलेल्या सेंच्युरियन रणगाड्यांवरच ‘पूना हॉर्स’ने १९६५ व १९७१ ची युद्धे लढली होती, आणि १९६५ साली खेमकरणजवळ अब्दुल हमीद यांनी जीपवरील तोफेने पॅटन रणगाडे उडविले, तेव्हाही लहान शस्त्राने मोठ्या यंत्राला गाठले होते.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर स्वारी केली आणि जळालेल्या रणगाड्यांची छायाचित्रे पाहून रणगाड्याचे मृत्युलेख पुन्हा एकदा लिहिले गेले. या वेळी मारेकरी होते खांद्यावरचे क्षेपणास्त्र व नंतर ड्रोन. उत्तरही आधी कारखान्यातून आले नाही. तुकड्यांनी आपल्याच कर्मशाळांत रणगाड्यांवर लोखंडी जाळ्यांचे पिंजरे जोडले. ड्रोनचे रेडिओ-संदेश अडविणारी यंत्रे आली, तेव्हा त्यांवर तोड म्हणून २०२४ पासून दोन्ही बाजूंनी असे ड्रोन मोठ्या प्रमाणावर आणले की, जे उडताना आपल्यामागे काचतंतूची केसासारखी बारीक तार सोडीत जातात, आणि आडोशाला बसलेला एक प्रशिक्षित तरुण त्या तारेतून त्यांना दिशा देतो.