गुडघ्यातील कूर्चेची इजा आणि वेदना
(भाषणाचा मजकूर)



पावसाळ्यात परभणीच्या काळ्या रानात पाय चिखलात रुतून राहतो, अंग मात्र वळते आणि गुडघ्यात कट्कन आवाज होतो. कबड्डीच्या मैदानावरही असेच घडते. मांडी व नडगी यांच्या हाडांमध्ये अर्धचंद्राकृती कूर्चेच्या दोन गाद्या असतात; अशा पिळाने त्या फाटतात. गादीच्या बाहेरच्या कडेलाच रक्तपुरवठा असल्याने तेथील फाट वेळीच शिवली तर सांधण्याची शक्यता अधिक.

हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत कूर्चेची गोष्ट निराळी. तिला रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतूही नाहीत. ती झिजली तरी स्वतः दुखत नाही; दुखते ते सांध्याचे अस्तर आणि खालचे हाड. त्यामुळे वेदना उशिरा जाणवते, आणि ती थांबली म्हणजे इजा भरून आली असे नव्हे. नष्ट झालेली ही कूर्चा पूर्ववत होत नाही, हे विल्यम हंटर यांनी १७४३ मध्येच लिहून ठेवले आहे.

गुडघा अडकला, सुजला वा सरळ होईनासा झाला, तर तो ओढून, चोळून ‘बसविण्याचा’ उपाय (आपल्याकडे तो करणारे फार!) टाळावा. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. तोवर खुरपणीस उकिडवे बसू नये.