रिपोर्टवरील शब्द समजून घेऊ या



दवाखान्यात मिळालेला रिपोर्ट आपण घडी घालून पिशवीत ठेवतो. त्यातले शब्द डॉक्टरांसाठी, आपल्यासाठी नाहीत, असा आपला समज असतो. आतड्याच्या दीर्घकालीन दाहाच्या विकारात, म्हणजे आय. बी. डी. मध्ये, हा समज महागात पडतो.

शब्दाच्या शेवटी 'आयटिस' आले की दाह समजावा. 'कोलन' म्हणजे मोठे आतडे. म्हणून कोलायटिस म्हणजे मोठ्या आतड्याचा दाह. 'अल्सर' म्हणजे व्रण. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला व्रण होतात व शौचावाटे रक्त जाते. पुष्कळदा आपण ते मूळव्याध समजून अंगावर काढतो.

दुसरा प्रकार क्रोन्सचा. न्यूयॉर्कचे डॉ. बरिल क्रोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३२ साली त्याचे वर्णन केले. हा आजार तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेही होतो. पण बहुधा 'टर्मिनल इलियम', म्हणजे लहान आतड्याच्या शेवटच्या भागात आढळतो. आपल्याकडे आतड्याचा क्षयही पुष्कळदा तेथेच होतो. दोहोंचे उपचार वेगळे. म्हणून दुर्बिणीने, म्हणजे कोलोनोस्कोपीने, आतडे पाहून बारीक तुकडा तपासतात. तीच बायोप्सी. बायोप्सी सांगितली म्हणजे कॅन्सरच झाला, असे नव्हे.

आय. बी. एस. हा शब्द ऐकायला जवळचा, पण आजार निराळा. त्यात पोट दुखते, शौचाच्या तक्रारी असतात. मात्र आतड्याला व्रण नसतात.

'क्रॉनिक' म्हणजे भयंकर नव्हे, दीर्घकाळ चालणारा. आणि सर्वांत महत्त्वाचा शब्द 'रिमिशन'. त्याचा अर्थ आजार शांत आहे; कायमचा गेला, असा नाही. बरे वाटले म्हणून औषध मनाने बंद केले, तर आजार पुन्हा उसळू शकतो. त्या उसळीला 'फ्लेअर' म्हणतात. स्टिरॉइडच्या गोळ्या तर एकदम थांबवणे धोक्याचेच. त्या डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू कमी करायच्या असतात.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या वस्तीतला रुग्ण दवाखान्यात जाताना आपण वही घेऊन सोबत जाऊ. आजार कोणता, आतड्याच्या कोणत्या भागात, औषध किती दिवस, हे तीन प्रश्न विचारून उत्तरे लिहून घेऊ. न समजलेला शब्द पुन्हा विचारण्यात कमीपणा नाही. शिक्षणाचा एवढा उपयोग आपल्या माणसांना झालाच पाहिजे.